व्याख्यान झाल्यावर लोक 'पीपीटी पाठवा' म्हणतात, तेव्हा नक्की काय पाठवावं?

टाचणवही

नमस्कार मंडळी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स' या नावाने आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. तेव्हापासून शाळा, वाचनालयं, सोसायट्या असं कुठून कुठून बोलायचं आमंत्रण येतं. मुळात सातवीच्या वर्गासाठी केलेली पीपीटी वाढत वाढत ६४ स्लाइडची झाली आहे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. प्रत्येकाचे फोटो, नकाशे. फाईल १४० एमबी.

बोलणं संपलं की चहाच्या टेबलापाशी ठरलेलं वाक्य येतं, "मॅडम, पीपीटी ग्रुपवर टाका ना." आता मागणारे तीन तऱ्हेचे आहेत. एक, माझ्यासारखे शिक्षक, ज्यांना ती आपल्या वर्गात वापरायची आहे. दोन, वाचनालयातले ज्येष्ठ श्रोते, जे फोनवर निवांत पाहणार. तीन, जर्मनीतल्या एका मराठी मंडळाला गणेशोत्सवात हॉलमध्ये लावायची आहे.

एका ग्रुपवर जशीच्या तशी टाकली तर कुणाला उघडलीच नाही, आणि कुणाला शीर्षकांच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसला (शीर्षकं एका सहकाऱ्यांच्या, श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात टाइप केलेल्या फाईलमधून आली आहेत). ड्राइव्हवर चढवली, पण गुगल स्लाइड्समध्ये रूपांतर करायला नकार. पीडीएफ, लिंक, व्हिडिओ, मूळ फाईल, यातलं काय कुणाला द्यावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खटपट्या

पीडीएफ करा, विषय संपवा. कुठल्याही फोनवर उघडते, फाँट आतच बसतात, कुणी खाडाखोड करत नाही.

गुगलने नकार दिला कारण रूपांतराची मर्यादा १०० एमबी आहे. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं, तिथे अडचण नाही. जीमेलला २५ एमबीची मर्यादा, त्यातही जोडलेली फाईल प्रवासात साधारण एकतृतीयांशाने फुगते, म्हणून १८-१९ एमबीच्या पुढे गेलात की ती ड्राइव्हची लिंक करून टाकते.

वडाचं_पान

+१ पीडीएफ.

फाँटाळलेला

श्रीलिपीचं आधी मिटवा, मग पुढचं. या जुन्या फाँटांत 'क' म्हणून जे दिसतं ते संगणकाच्या लेखी रोमन अक्षर किंवा चिन्हच असतं, त्याला देवनागरीचा फक्त मुखवटा चढवलेला. फाँट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळतो आणि खालचं रोमन उघडं पडतं. कृतिदेव, सुरेख, सगळ्यांची तीच गत. कन्व्हर्टर वापरून युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी खरी देवनागरी) करून घ्या आणि रफार, 'ऱ्य', 'क्ष्म' असली ठिकाणं डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्टर हमखास तिथे लंगडतात.

युनिकोड केलं तरी मूळ फाईल दुसऱ्या यंत्रावर तशीच दिसेल याची हमी नाही. मंगल विंडोज १० पासून ऐच्छिक पुरवणी फाँटांत गेला आहे. निर्मला यूआय विंडोज ८ पासून असतो, पण मॅकवर नाही. फाँट बदलला की ओळ मोठी होते, चौकटीबाहेर सांडते, आणि 'प्रतापगड' दोन ओळींत तुटून 'ड' एकटा खाली पडतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. दोन्ही फुकट, गुगल स्लाइड्समध्येही मिळतात. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे 'एम्बेड फाँट्स इन द फाईल' वर टिचकी मारा. फोनवर मात्र त्याचा भरवसा धरू नका.

बाळबोध

पीडीएफवाल्यांना एक विचारतो. ताईंच्या फाईलमध्ये अॅनिमेशन आहे का? क्लिकसरशी एकेक गोष्ट येते अशी स्लाइड असेल तर पीडीएफमध्ये सगळं एकदम छापलं जातं. वरचं चित्र खालच्याला झाकून बसतं.

टाचणवही

आहे ना! पहिलीच नकाशाची स्लाइड. क्लिक केलं की एकेक किल्ला उमटतो आणि त्याच जागी त्याचा फोटो मोठा होतो. पीडीएफ करून पाहिली तर नकाशा गायब, वर फक्त शेवटचा जिंजी.

खटपट्या

ती स्लाइड डुप्लिकेट करा. प्रत्येक पायरीची वेगळी स्लाइड. बोलताना पुढचं बटण दाबत गेलात तर ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, आणि पीडीएफमध्येही क्रम टिकतो. ६४ च्या ७५ होतील, होऊ देत.

निवांत_नाना

फाईलच्या प्रकारावर भांडण्याआधी एक ठरवा. समोरचा माणूस ही पाहील तेव्हा ताई तिथे असणार आहेत का?

बोलण्यासाठी केलेली स्लाइड म्हणजे कीर्तनकाराच्या हातातली चिठ्ठी. त्यावर चार शब्द असतात आणि आख्यान बुवांच्या पोटात असतं. चिठ्ठी घरी नेऊन कुणाला कीर्तन कळत नाही. ताई, तुमच्या खांदेरीच्या स्लाइडवर काय लिहिलंय ते इथे टाकता का?

टाचणवही

नाना, तुम्ही बरोबर वर्मावर बोट ठेवलंत. फोटो आहे आणि खाली 'खांदेरी-उंदेरी, १६७९-८०'. बस. बाकी मी बोलते. मुंबईच्या तोंडाशी महाराजांनी बेट बांधायला घेतलं, इंग्रज आणि सिद्दी दोघांनी अडवायचा प्रयत्न केला, आपल्या छोट्या होड्यांनी रसद पोचवत ठेवली, आणि मग सिद्दीने शेजारचं उंदेरी धरलं. तोफांच्या टप्प्यातली दोन बेटं, समोरासमोर. हे सगळं नोट्समध्ये टाइप केलेलं आहे, स्लाइडवर नाही. आणि ते तसंच असायला हवं, स्लाइडवर परिच्छेद लिहिले की मुलं वाचत बसतात, ऐकत नाहीत.

निवांत_नाना

अगदी. स्लाइड बिलकुल बदलू नका. पाठवायची वस्तू वेगळी करा. पीडीएफ काढताना ऑप्शन्समध्ये 'पब्लिश व्हॉट' असं विचारतात, तिथे 'स्लाइड्स' ऐवजी 'नोट्स पेजेस' निवडा. पानाच्या वरच्या अर्ध्यात स्लाइड आणि खाली तुमचं बोलणं. वाचनालयातल्या मंडळींना हेच द्या. फोनवर अक्षर बारीक वाटेल म्हणून नोट्सचा टाइप आधी 'नोट्स मास्टर' मधून १६ च्या पुढे करून घ्या.

हँडआउट नावाचा प्रकारही आहे, पानावर दोन, तीन, सहा, नऊ स्लाइड. तीनचा निवडला तर शेजारी लिहायला रेघा येतात. वर्गात कागद वाटणार असाल तर तो चांगला. पण नऊचा कुणी छापून वाटला की मला त्या माणसाच्या चष्म्याच्या दुकानात भागीदारी असावी असा संशय येतो.

जरा अवांतर, पण विषयाला धरून आहे. मी आयुष्यभर कारखान्यात तांत्रिक अहवाल लिहिले. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना तुटलं, कल्पना चावलासह सातजण गेले. चौकशी मंडळाच्या अहवालात अपघाताच्या तांत्रिक कारणांबरोबर एका स्लाइडची चिरफाड आहे. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा पंखावर आदळला होता, त्याचं विश्लेषण वरिष्ठांना स्लाइडवर दाखवलं गेलं. हाताशी असलेली चाचणी ३ घनइंचाच्या तुकड्याची होती आणि आदळलेला अंदाजे १९२० घनइंचाचा. हे त्या स्लाइडच्या तळाशी, सर्वात बारीक टायपात. मथळा मात्र धीर देणारा. मंडळाने स्पष्ट म्हटलं की तांत्रिक अहवालाच्या जागी अशा स्लाइडच फिरत होत्या. मांडणारा खोलीत असतो तोवर कुणीतरी 'खालची ओळ काय म्हणते हो?' असं विचारू शकतं. फाईल पुढे पुढे गेली की विचारणार कुणाला.

किल्ल्यांच्या पीपीटीने कुणाचा जीव जात नाही हे कबूल.

प्रश्नचिन्ह

माझा वेगळाच मुद्दा. द्यायचीच कशाला? मेहनत तुमची, फोटो तुमचे. उद्या कुणीतरी पहिली स्लाइड बदलून 'संकलन: मीच तो' लिहून दुसऱ्या तालुक्यात व्याख्यान ठोकेल. आमच्या ओळखीच्या एका वक्त्यांच्या बाबतीत हे घडलंय, आणि श्रोत्यांत ते स्वतः बसले होते. लिंक द्यायची तर फक्त पाहण्यापुरती द्या, शेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोड, प्रिंट, कॉपी तिन्ही बंद करा.

काळी_पाटी

प्रश्नचिन्ह, स्क्रीनशॉट कुणी थांबवलाय? डाउनलोड बंद केलं की चोराला फरक पडत नाही, त्रास प्रामाणिक माणसाला होतो. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. वर्गात नेट कधी असतं, कधी नसतं. शिक्षण परिषदेत कुणीतरी लिंक देतं, त्या वेळी सगळे माना डोलावतात, आणि सोमवारी वर्गात उघडायला गेलं की गोल गोल फिरत बसतं. त्याहून वाईट म्हणजे 'तुम्हाला अॅक्सेस हवा आहे, विनंती करा' ही पाटी. विनंती पाठवायची, समोरचा मेल बघणार रविवारी, तोवर आमचा पाठ होऊन गेलेला.

ताई, शिक्षकांना मूळ फाईल द्या. त्यांना तुमच्या ६४ नकोतच, जवळच्या किल्ल्याच्या पाच हव्यात. जुन्नरच्या शिक्षकाला शिवनेरी, मालवणच्या बाईंना सिंधुदुर्ग. पीडीएफमधून ते कापून घेणं जिवावर येतं.

फाईल १०० एमबीच्या आत आणून गुगल स्लाइड्स केलीत तर आणखी एक सोय आहे. शेअरिंग 'एनीवन विथ द लिंक', भूमिका 'व्ह्यूअर' ठेवा. मग लिंकच्या शेपटाला जिथे 'एडिट' असतं तिथून पुढचं पुसून रोमन अक्षरांत 'कॉपी' (copy) लिहा आणि ती लिंक पाठवा. समोरच्याला थेट 'प्रत करायची का?' असं विचारलं जातं, त्याची प्रत त्याच्या ड्राइव्हवर, तुमची मूळ शाबूत. तिथेच 'एक्स्पोर्ट/पीडीएफ' (export/pdf) लिहिलं तर लिंकवर बोट ठेवताच पीडीएफ उतरते. 'एडिटर' मात्र चुकूनही ठेवू नका. आमच्या केंद्रातल्या एका सामाईक फाईलमध्ये कुणाच्या तरी पोराने अफझलखानाला गॉगल चढवला होता आणि तो तपासणीच्या दिवशी सापडला.

प्रश्नचिन्ह

गॉगलवाला अफझलखान =)) मागे घेतो माझे शब्द. पण नाव तरी प्रत्येक स्लाइडवर असू द्या. स्लाइड मास्टरमध्ये एकदा टाकलं की सगळीकडे येतं.

टाचणवही

नावाचं मला फारसं नाही. वर्गात वापरली जावी एवढीच इच्छा. पण फोटो सगळे माझे नाहीत. साल्हेर आणि जिंजीचे विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलेत, दोन जुनी चित्रं कुठून आली ते मलाही आठवत नाही. वर्गात दाखवणं आणि ग्रुपवर टाकणं यात फरक पडतो का?

अर्धा_वकील

पडतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला त्यात सवलत आहे. तीच फाईल जगाला खुली असलेल्या लिंकवर ठेवली की 'शिकवण्याच्या ओघात' म्हणणं अवघड होत जातं. कॉमन्सवरचे बहुतेक फोटो वापरायला मोकळे असतात पण अट असते: छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि शक्य तर दुवा. फोटोखालीच बारीक टायपात लिहा. शेवटच्या स्लाइडवर 'छायाचित्रे: इंटरनेट' असं लिहून काहीही साधत नाही. परवान्यात 'शेअर अलाइक' असेल तर त्या फोटोवर तुम्ही केलेला बदल त्याच अटींवर द्यावा लागतो. ज्यांचा मालकच माहीत नाही ती दोन चित्रं पाठवायच्या प्रतीतून काढून टाका, बोलताना दाखवा.

अडगळ

मूळ फाईल देताय तर ती झटकून द्या. तिच्यात काय काय दडलेलं असतं याची लोकांना कल्पना नसते.

नोट्स जातात, हे नानांनी सांगितलंच आहे. काही वेळा ते नको असतं: 'इथे सरपंचांचं नाव घेणे' वगैरे. गुगलच्या लिंकवरही पाहणाऱ्याला नोट्स दिसतात. कापलेले फोटो हे दुसरं. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग फाईलमध्ये तसाच असतो, कुणीही क्रॉपवर टिचकी मारून परत ओढून काढू शकतो. सहलीच्या फोटोतून मुलांचे चेहरे कापले असतील तर ते अजून तिथेच आहेत. आणि तिसरं एक्सेल. एका कचेरीत एकाने पगाराच्या तक्त्यातून एवढासा आलेख उचलून स्लाइडवर चिकटवला होता. आलेखावर दोनदा टिचकी मारली की आख्खं वर्कबुक उघडत होतं, नावानिशी. आठवडाभर चहाला दुसरा विषय नव्हता.

उपाय असा. आधी प्रत काढा. मग कोणत्याही फोटोवर क्लिक, 'पिक्चर फॉरमॅट', 'कॉम्प्रेस पिक्चर्स'. 'अप्लाय ओन्ली टु धिस पिक्चर' ची खूण काढा, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' ची ठेवा, १५० पीपीआय निवडा. प्रोजेक्टरला आणि फोनला एवढं पुरतं. १४० एमबीची फाईल याने बरीच खाली यावी, कारण फोनचे फोटो थेट ओढून टाकलेले असतात. त्यानंतर फाईल, इन्फो, 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. तिथे कमेंट्स, लेखकाचं नाव, नोट्स, काय उडवायचं ते विचारतं. आलेख असतील तर चिकटवताना 'पिक्चर' म्हणून चिकटवा.

तरीही जड राहिली तर एक गंमत. प्रतीच्या नावाचं शेपूट पीपीटीएक्स बदलून झिप करा आणि उघडा. आत 'पीपीटी' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया'. आकारानुसार लावा, खरा गुन्हेगार पहिल्या तीन ओळींत सापडतो. बहुधा कुणीतरी टाकलेला तुतारीचा आवाज नाहीतर व्हिडिओ असतो.

टाचणवही

अडगळ, तुतारी नव्हे, पण रायगडाच्या रोपवेचा व्हिडिओ होता! स्लाइड मी केव्हाच लपवली होती, व्हिडिओ मात्र आत तसाच. तो काढला, फोटो दाबले, फाईल ३१ एमबी. गुगलने विनातक्रार घेतली. दंडवत घ्या.

स्पर्शरेषा

मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचते, त्यामुळे माझी मागणी वेगळी आहे. 'पीडीएफ करा' म्हणणारे कधीकधी स्लाइडचे फोटो काढून त्यांची पीडीएफ करतात. माझ्यासाठी ती ६४ कोरी पानं. पॉवरपॉइंटमधून नीट निर्यात केलेली असली तरी देवनागरी पीडीएफमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं पुष्कळदा विस्कटतात. डोळ्यांना छान दिसतं आणि स्क्रीन रीडर भलतंच बोलतो. मूळ फाईल मिळाली तर मला सर्वात सोपं पडतं.

दोन गोष्टी कराल का? फोटोवर राइट क्लिक करून 'आल्ट टेक्स्ट' मध्ये एक ओळ लिहा. 'सिंधुदुर्गाचा फोटो' असं नको, 'किनाऱ्यावरून दिसणारा सिंधुदुर्ग, तटबंदी पाण्यातून सरळ वर आलेली' असं. आणि प्रत्येक स्लाइडला शीर्षकाच्या चौकटीतच शीर्षक द्या, वेगळी टेक्स्ट बॉक्स ओढून नको. आम्ही शीर्षकांवरून उड्या मारत हवी ती स्लाइड गाठतो.

टाचणवही

हे कुणी सांगितलंच नसतं. आल्ट टेक्स्ट लिहायला घेतलंय. लिहिताना लक्षात येतंय की काही फोटो नुसते भरतीचे आहेत, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ते उडवते.

राईनकाठी

आम्ही तसल्याच एका मंडळाचे, त्यामुळे तिसऱ्या गटाच्या वतीने बोलतो. आमचा हॉल भाड्याचा असतो, वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो माणूस त्या दिवशी सुट्टीवर असतो. तेव्हा लिंकवर अवलंबून राहता येत नाही, पेनड्राइव्हवर फाईल हवी. आणि लावणारा स्वयंसेवक ऐन वेळी ठरतो, म्हणून पीपीएसएक्स, म्हणजे 'पॉवरपॉइंट शो' प्रकारात सेव्ह करून पाठवा. उघडताच थेट स्लाइड शो सुरू होतो, प्रेक्षकांना तुमच्या बाजूच्या पट्ट्या आणि नोट्स दिसत नाहीत.

पण नानांचाच प्रश्न इथेही आहे: बोलणार कोण? ताई तिथे नाहीत आणि आमच्याकडे जो बोलेल त्याला खांदेरी आणि जंजिरा यातला फरक सांगता येईलच असं नाही. तेव्हा व्हिडिओ. 'स्लाइड शो' मध्ये 'रेकॉर्ड' करून ताईंच्या आवाजात बोला, मग एक्स्पोर्टमधून 'क्रिएट अ व्हिडिओ'. आवाज प्रत्येक स्लाइडला वेगळा चिकटतो, मधे कुकर वाजला तर तेवढीच स्लाइड परत रेकॉर्ड करायची. आवाज न भरता व्हिडिओ काढला तर प्रत्येक स्लाइड आपोआप पाच सेकंद थांबते. कुणाचं वाचून होत नाही, ते टाळा. १०८० पी पुरे. आणि ६४ स्लाइडचा नको, वीस मिनिटांपुरता करा, पुढे आरती असते.

वडाचं_पान

स्लाइडशेअर वापरतं का कुणी अजून? एकेकाळी सगळे तिथेच टाकायचे.

खटपट्या

२००६ साली निघालं, संस्थापकांत आपली भारतीय माणसं. २०१२ मध्ये लिंक्डइनने घेतलं, २०२० पासून स्क्रिब्डकडे. आता मधेमधे जाहिराती येतात. शोधताना सापडावी अशी इच्छा असेल तर ठीक, नाहीतर वाचनालयातल्या आजोबांना त्या जाहिरातींत सोडू नका.

टाचणवही

सगळ्यांचे आभार. आता असं करतेय. शिक्षकांसाठी गुगल स्लाइड्सची 'कॉपी' वाली लिंक, सोबत पेनड्राइव्हवाल्यांसाठी फाँट आत भरलेली मूळ फाईल. वाचनालयाच्या ग्रुपवर नोट्स पेजेसची पीडीएफ, डॉक्युमेंट म्हणून. जर्मनीला पाच किल्ल्यांचा व्हिडिओ, आवाज माझा. अज्ञात दोन चित्रं सगळ्यांतून बाद. व्याख्यानाच्या शेवटच्या स्लाइडवर क्यूआर कोड टाकला आहे, म्हणजे चहाच्या टेबलापाशी नंबर लिहून घेण्याची रांग लागणार नाही.

एकच शंका उरली. पीडीएफमध्ये नंतर चूक सापडली तर? ग्रुपवर गेलेली परत कशी आणू?

काळी_पाटी

ग्रुपवर गेलेली गेली. म्हणून ग्रुपवर फाईलबरोबर ड्राइव्हची लिंकही टाका आणि क्यूआर त्या लिंकचा करा. दुरुस्त पीडीएफ नवी म्हणून चढवू नका, लिंक बदलते. जुन्या फाईलवर राइट क्लिक, 'मॅनेज व्हर्जन्स', तिथून नवी चढवा. लिंक तीच, आतली फाईल नवी. पहिल्या पानावर तारीख घाला, म्हणजे कुणाकडे कुठली आहे ते कळेल.

निवांत_नाना

ताई, व्हिडिओ झाला की इथेही डकवा. आणि आमच्या वाचनालयात प्रोजेक्टर जुना आहे, चौकोनी, चारास तीनवाला. तुमच्या स्लाइड रुंद असतील तर वर-खाली काळे पट्टे येतील आणि अक्षर लहान होईल. यायच्या आधी सांगा, भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवतो आणि प्रोजेक्टर मागे सरकवतो.